रक्त आमचे, नोंदी वेगवेगळ्या कपाटांत

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी 'बिरसा १०१' या उपचाराची घोषणा केली. सिकलसेलवरचा भारतात विकसित झालेला हा पहिला जनुक-संपादन उपचार आहे. सीएसआयआरच्या आयजीआयबी या दिल्लीतील संस्थेने तो तयार केला आणि पुढच्या कामासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. बातमी आली त्या आठवड्यात विदर्भातल्या आपल्या अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरत होती. प्रश्नही लगेच सुरू झाले. कोणत्या दवाखान्यात मिळते? किती पैसे लागतात? कार्ड चालते का?

उत्तर एवढेच आहे की अजून कुठेच मिळत नाही. रुग्णांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत. परदेशात 'कॅसजेव्ही' नावाच्या अशाच उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. रुपयांत हा आकडा अठरा-एकोणीस कोटींच्या घरात जातो. भारतीय उपचार त्याच्या अगदी लहान अंशात मिळेल असे सरकार सांगते. तसे झाले तर आनंदच आहे. पण प्रयोगशाळेतले औषध भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या मुलापर्यंत पोहोचायचे तर मधे एक मोठा खड्डा आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळपास होत नाही. पैशाचा खड्डा सगळ्यांना दिसतो. मी म्हणतो तो माहितीचा.

नव्या उपचाराची चाचणी करायला वर्षानुवर्षे पाहिलेले रुग्ण लागतात. कोणाला वर्षातून किती वेळा दुखण्याचा झटका येतो, किती वेळा रक्त चढवावे लागले, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन म्हणजे एचबीएफ किती टक्के शिल्लक आहे, हायड्रॉक्सियुरिया किती मात्रेत सुरू आहे, बंद केले तर का केले. ही माहिती विदर्भात नाही असे नाही. ती खूप आहे. पण ती मेडिकलच्या एका विभागात वेगळी, जिल्हा रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये वेगळी, आदिवासी विकासच्या प्रकल्पात वेगळी, एखाद्या संस्थेच्या एक्सेल फाइलमध्ये वेगळी आणि पीएच.डी. करून निघून गेलेल्या संशोधकाच्या पेन ड्राइव्हमध्ये वेगळी पडून आहे. कोणाचे कोणाशी जुळत नाही. वस्त्यांमध्ये काम करताना अशी घरे भेटतात जिथे एकाच मुलाचे रक्त तीन वेगवेगळ्या शिबिरांत घेतले गेले आणि आईकडे कागद एकाच शिबिराचा आहे. बाकी दोन शिबिरांचा अहवाल घरी आलाच नाही.

सिकलसेलशी आपल्या समाजाचा संबंध किती जुना आहे तेही पाहू. भारतात हा आजार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये नोंदला गेला. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून आजपर्यंत विदर्भातील सिकलसेलवर जे लिहिले गेले त्यात महार समाजाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. जवळपास सात दशके आपण संशोधनाचा 'विषय' आहोत.

इथे एक गोष्ट समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच खटकते. आपलीच माणसे एका शोधनिबंधात 'महार' म्हणून येतात, दुसऱ्यात 'नवबौद्ध', तिसऱ्यात 'बौद्ध' आणि चौथ्यात नुसते 'अनुसूचित जाती'. चौथ्या गटात मातंग, चर्मकार आणि इतर सगळेच एकत्र मोजलेले असतात. म्हणजे चार अभ्यास शेजारी ठेवले तरी आकड्यांची बेरीज करता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या फॉर्मवर आपापले रकाने छापले, दुसऱ्याने काय छापले आहे ते कोणी विचारले नाही. एकट्याने केलेल्या संशोधनाचा तोटा म्हणतात तो हा. यात कोणाचा दुष्टपणा असेलच असे नाही. निव्वळ एकमेकांशी न बोलण्याची सवय आहे, आणि ती आपल्या देशात फार खोल आहे.

आजार जातीला ओळखत नाही हे खरे. सिकलसेलचे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकले, कारण ज्याला ते आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळते त्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. पण एकदा आलेले जनुक एखाद्या गटात साठून राहते ते लग्ने त्याच गटात होत राहतात म्हणून. पती आणि पत्नी दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले होते. शंभर वर्षांनंतर जनुकशास्त्रज्ञ त्याच गोष्टीचा माग रक्तात काढत आहेत. ही दोन ज्ञाने एका टेबलावर बसलेली मी अजून पाहिली नाहीत. समाजशास्त्र विभागातल्या माणसाला हिमॅटॉलॉजी विभागाचा जिना माहीत नसतो, आणि तिकडच्या डॉक्टरांना आपल्याकडे लग्न कसे जुळते, मुलीचा एएस रिपोर्ट का लपवला जातो, याची कल्पना नसते.

'भारतातला सिकलसेल सौम्य असतो'

एकमेकांपासून तुटलेल्या संशोधनाने रुग्णाचे काय नुकसान होते याचे एक उदाहरण आपल्याच दारचे आहे.

१९८० च्या दशकात ओडिशातील आणि जमैकातील संशोधकांनी मिळून ओडिशाच्या रुग्णांची जमैकाच्या रुग्णांशी तुलना केली. ओडिशातील रुग्णांमध्ये एचबीएफचे प्रमाण जास्त आढळले, आजाराच्या काही गुंतागुंती कमी आढळल्या. अभ्यास चांगला होता, आणि दोन देशांच्या सहकार्यातून झाला होता. पण त्यातून पुढे एक सरसकट वाक्य तयार झाले की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. एका प्रदेशाचे निरीक्षण अख्ख्या देशाचे झाले. विदर्भात मात्र डॉक्टरांसमोर वारंवार ॲडमिट होणारी, रक्त चढवावे लागणारी मुले येत होती. ती पुढे शोधनिबंधांत आली, आणि मध्य भारतातील आजार अनेकांमध्ये चांगलाच तीव्र असतो हे नोंदले गेले. तरी 'सौम्य' हा शब्द निघता निघत नाही. ज्या प्रदेशाची माहिती आधी छापून आली त्याचे चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसले. ओडिशा, विदर्भ, दक्षिण गुजरात, छत्तीसगड या चारही ठिकाणच्या नोंदी त्याच काळात एकाच नमुन्यात एकत्र आल्या असत्या, तर हा घोळ इतकी वर्षे चालला असता असे मला वाटत नाही.

हायड्रॉक्सियुरियाची गोष्टही तशीच आहे. हे औषध नवे नाही आणि महागही नाही. अमेरिकेत प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. एचबीएफ वाढते, झटके कमी होतात. अडचण मात्रेची होती. परदेशातल्या पद्धतीत मात्रा हळूहळू सहन होईल तितकी वाढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. ज्याला तालुक्याला यायलाच दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्याला ते परवडत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असलेल्या मुलांवर अभ्यास करून दाखवले की वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक कमी मात्रेनेही चांगला फायदा होतो. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या परिस्थितीतून निघालेले, आपल्या मुलांवर सिद्ध झालेले हे ज्ञान. पण ते छापले गेले परदेशी प्रकाशकाच्या वर्गणीच्या नियतकालिकात. गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण मेडिकल ऑफिसर तो निबंध वाचायला गेला तर त्याच्या पडद्यावर पैसे मागणारी चौकट येणार.

आता आफ्रिकेकडे पाहा. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांनी मिळून सहाशेहून अधिक मुलांना एकाच पद्धतीने हायड्रॉक्सियुरिया दिले, एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुखणे कमी, रक्त चढवणे कमी, मृत्यू कमी, आणि मलेरियाचे प्रमाणही कमी. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत. टांझानिया, घाना आणि नायजेरिया यांनी २०१७ पासून सिकलसेल रुग्णांची सामाईक नोंदवही उभी केली. त्यात कोणता रकाना कसा भरायचा हे तिन्ही देशांनी आधी बसून ठरवले. आपल्याकडे नागपूर आणि अमरावती विभागांचे रकाने जुळतील का, याचीच शंका.

वर्गणी सरकारने भरली, पण कोणासाठी?

ज्ञानाच्या दारावरचे कुलूप काढण्यासाठी केंद्र सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. पूर्वी आयआयटीला जे वाचायला मिळायचे ते आता जिल्ह्याच्या शासकीय महाविद्यालयातही मिळू शकते. ग्रामीण भागातील आपल्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा वापर केला पाहिजे. योजना लागू असलेल्या अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना ती आपल्याकडे आहे हेच माहीत नसते. ग्रंथपालांना जाऊन विचारा.

पण योजनेच्या कडा कुठे संपतात तेही पाहा. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांचा आहे. खासगी संस्थांचा विचार पुढे व्हायचा आहे. आपल्या समाजातील मोठ्या संख्येने मुले ज्या खासगी शिक्षण संस्थांच्या महाविद्यालयांत शिकतात त्यांचे काय, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारण्यासारखा आहे. स्वयंसेवी संस्थेतला कार्यकर्ता, खासगी दवाखाना चालवणारा तालुक्याचा डॉक्टर, स्वतःच्या मुलाच्या आजाराविषयी वाचू पाहणारा शिक्षक बाप, पीएच.डी. झाल्यावर नोकरीशिवाय घरी बसलेला संशोधक, यांच्यापैकी कोणीही यात नाही. आणि १ जानेवारी २०२८ ला काय? वर्गणी संपली की दार पुन्हा बंद. पैसा जनतेचा, रक्त जनतेचे, संशोधकाचा पगार जनतेचा, आणि निष्कर्ष वाचायला पुन्हा जनतेच्याच तिजोरीतून भाडे.

अनेक संशोधक यावर उपाय म्हणून 'साय-हब' या संकेतस्थळावरून निबंध उतरवून घेत असत. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायदा मोडा असे इथे कोणी सुचवत नाही. पण याच उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स प्रकरणात विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पुस्तकातील भागांच्या प्रती काढण्याला संरक्षण दिले होते, हेही लक्षात ठेवू. ज्ञान ही निव्वळ मालमत्ता नाही, हे आपल्या न्यायव्यवस्थेला पूर्वी पटलेले आहे.

या साइटच्या वाचकाला इथे चवदार तळे आठवल्याशिवाय राहणार नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली, राखलेली पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली करावीत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब प्रत्यक्ष जाऊन ओंजळभर पाणी प्याले तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. आजची परिस्थिती त्याच्या बरोबरीची आहे असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तिथे माणसाला माणूस मानण्याचा प्रश्न होता. पण कागदावरचे 'खुले' आणि हाताला लागणारे 'खुले' यांतला फरक आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या केंद्राच्या दोन्ही विभागांनी त्यांच्या निधीतून झालेले शोधनिबंध सर्वांना खुल्या संग्रहात ठेवावेत असे धोरण २०१४ मध्येच केले आहे. ते किती पाळले जाते हे कोणीही आपल्या विद्यापीठाचा संग्रह उघडून पाहावे.

बंद मूठ

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. आजारातून उठलेल्या तथागतांना आनंद विचारतात, संघासाठी काही शेवटचे सांगायचे राहिले आहे का. त्यावर तथागत जे सांगतात त्याचा आशय असा की त्यांनी धम्म शिकवताना आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही, काही राखून ठेवले नाही. गुरूने शेवटच्या घटकेपर्यंत काही गोष्टी मुठीत दाबून ठेवायच्या या प्रथेला पालीत आचरियमुट्ठी म्हणतात. तथागतांकडे ती मूठ नव्हती. आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली तेव्हा कोणा एकाच्या आठवणीवर भिस्त ठेवली गेली नाही. भिक्खू एकत्र बसले, विचारले गेले, सांगितले गेले, सर्वांनी मिळून पडताळले. ज्ञान टिकवण्याची ही आपली परंपरा आहे. विद्या कोणाला द्यायची नाही याचे नियम करणारी परंपरा कोणाची, ते वेगळे सांगायला नको.

विज्ञानाच्या जगातही मूठ उघडली तेव्हा कामाला वेग आला. मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचताना १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की मिळालेली माहिती चोवीस तासांत सर्वांना खुली करायची. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधील झांग योंगझेन यांच्या चमूने कोरोना विषाणूची जनुकीय रचना जगासाठी प्रसिद्ध केली आणि अवघ्या दोन दिवसांत अमेरिकेत लशीचा आराखडा तयार झाला. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करायला लावली गेली, हेही घडले. मूठ उघडणाऱ्याला किंमत द्यावी लागते.

भारतातही प्रयत्न झाला. सीएसआयआरने २००८ मध्ये टीबीसाठी 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' हा उपक्रम सुरू केला. टीबीच्या जंतूमधील सुमारे चार हजार जनुकांची माहिती जुळवण्याच्या कामात देशभरच्या महाविद्यालयांतील शेकडो विद्यार्थी इंटरनेटवरून सहभागी झाले. नामवंत संस्थेत प्रवेश न मिळालेल्या मुलांनाही खऱ्या संशोधनात हात घालता आला, हे मला त्यातले सर्वात मोलाचे वाटते. गाजावाजा मात्र कामापेक्षा जास्त झाला. निष्कर्ष इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जाहीर केल्याची टीका झाली, पुढे वेग मंदावला, आणि त्यातून नवे औषध बाजारात आले नाही. म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. खुलेपणालाही शिस्त लागते, दीर्घकाळचा पैसा लागतो आणि नोंद ठेवणारी पगारी माणसे लागतात. नुसत्या उत्साही स्वयंसेवकांवर कोणताच कार्यक्रम दहा वर्षे चालत नाही, हे सामाजिक कामातल्या कोणालाही ठाऊक आहे.

खुले, पण कोणाला विचारून?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग टाका सगळी माहिती इंटरनेटवर. तर तसेही नाही. रुग्णाची माहिती आणि संशोधनाचा निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष सर्वांना खुला हवा. रुग्णाचे नाव, गाव, जात, एएस-एसएस पॅटर्न मात्र कुलपातच हवा. आपल्याकडे मुलीचा रिपोर्ट फुटला की सोयरीक मोडते. मुलाचा फुटला तर एवढे होत नाही, हा आपल्या समाजाचा स्वतःचा पक्षपात आहे आणि तो बोललाच पाहिजे. शिवाय 'अमुक जातीत आजार जास्त' एवढे अर्धवट वाक्य वर्तमानपत्रात आले की ती जातच आजारी ठरते.

अमेरिकेत ॲरिझोनातील हवासुपाई आदिवासींनी १९९० मध्ये मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. ते त्यांना न विचारता इतर अभ्यासांसाठी वापरले गेले. समाज न्यायालयात गेला, आणि २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली, उरलेले नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आमच्यावर संशोधन करायचे तर आधी आम्हाला भेटा, आदराने वागा, दिलेला शब्द पाळा आणि निष्कर्ष आम्हाला परत आणून द्या, असा त्याचा आशय आहे. शिकल्या-सवरलेल्या, वकील-डॉक्टर असलेल्या आपल्या समाजाकडे असा एक पानाचा कागद का नसावा?

भारतात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. वीस संस्थांनी मिळून केलेल्या 'जिनोम इंडिया' प्रकल्पात ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात आहे, आणि कोणालाही थेट मिळत नाही, अर्ज करून अटी मान्य कराव्या लागतात. वीस संस्था एका पद्धतीने काम करू शकतात हे यातून दिसले, आणि मधली वाट असते हेही दिसले. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी मोठी सूट ठेवलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. संमतीचा कागद शिबिरात आपल्यासमोर येतो तेव्हा त्यावर इंग्रजीत काय लिहिले आहे हे विचारण्याची जबाबदारी म्हणून आपल्यावरच जास्त येते.

केंद्राचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. अभियानाचा रोख आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे, त्यांची उपेक्षा आपल्यापेक्षाही मोठी आहे. पण विदर्भातील बौद्ध वस्त्या, नागपूरच्या झोपडपट्ट्या, कामासाठी पुणे-चाकणला गेलेली तरुण पोरे या यादीत कुठे बसतात? चंद्रपूरच्या मुलाला चाकणला झटका येतो तेव्हा तिथला डॉक्टर शून्यापासून सुरुवात करतो. त्याला मात्रा माहीत नसते, मागचे रिपोर्ट दिसत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी मागचे कागद लागतात, आणि कागद तीन कपाटांत.

काम कुठून सुरू करायचे ते ठरवता येईल. चंद्रपूरला आयसीएमआरचे हिमोग्लोबिनच्या आजारांवरचे केंद्र आहे, त्याचे लोकार्पण डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विदर्भातील सगळ्या दवाखान्यांची आणि संस्थांची एकाच नमुन्यातली नोंदवही तिथे असावी, रुग्णाला एकच क्रमांक मिळावा आणि तो राज्यभर चालावा, ही मागणी आपल्या संघटनांनी आरोग्यमंत्र्यांकडे लेखी करायला हवी. ती आदिवासी संघटनांच्या सोबत करायला हवी, वेगळी नाही. जातीचा रकाना ठेवायचा की नाही, ठेवला तर 'बौद्ध' कसे लिहायचे, हे ठरवताना आपली माणसे त्या बैठकीत हवीत.

बार्टीची अधिछात्रवृत्ती घेऊन आपली शेकडो मुले-मुली संशोधन करतात. बहुतेक जण एकेकटे. गाइड वेळ देत नाही, विभागात कोणी विचारत नाही, शेजारच्या विद्यापीठात तोच विषय कोण करतो हे माहीत नसते. प्रबंध 'शोधगंगा'वर चढतो, तिथे तो कोणीही फुकट वाचू शकतो, ही चांगलीच सोय आहे. पण प्रबंधामागची प्रश्नावली, आकडे, मुलाखतींची नावे काढून टाकलेली टिपणे कुठेच राहत नाहीत, आणि पुढचा विद्यार्थी तीच वस्ती, तेच प्रश्न घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. बार्टीने अधिछात्रांच्या विषयांची आणि नोंदींची एक शोधता येणारी यादी केली तरी पुष्कळ होईल. त्याला कोट्यवधी लागत नाहीत.

आणि विहारांसाठी एक छोटे काम. वस्तीत पुढचे तपासणी शिबिर लागेल तेव्हा संयोजकांना तीन गोष्टी आधीच लेखी मागाव्यात. नमुना कशासाठी वापरणार, अहवाल कोणत्या तारखेपर्यंत घरी देणार, आणि अभ्यास छापून आला तर त्याचे मराठीतले एक पान विहारात कोण आणून देणार. पौर्णिमेला लोक जमतातच. ते पान तिथे वाचता येईल.